डोंगर उतारावरच्या लहान शेतीसाठी ट्रॅक्टरचे टायर कसे निवडावेत

मे महिन्याच्या अखेरीस मावळ, मुळशी, भोर, जावळी, पाटण किंवा अकोले तालुक्यातल्या कोणत्याही टायरच्या दुकानात थोडा वेळ उभे राहिले, तर "मागचे दोन टायर द्या, नक्षी खोल असलेले द्या" हे वाक्य हमखास ऐकू येते. सपाट काळ्या रानात एवढ्यावर निभावते. डोंगर उतारावर निभावत नाही, कारण तिथे टायरला ओढीबरोबरच ट्रॅक्टर आडवा घसरू न देणे, उतरताना तो रोखून धरणे आणि जांभ्याच्या धारदार खड्यांपासून स्वतःला वाचवणे अशी आणखी कामे करावी लागतात. चूक बहुतेक वेळा टायरच्या दर्जात नसून क्रमात असते. आधी जमीन मोजावी, मग ट्रॅक्टर मोजावा आणि त्यानंतरच दुकानात जावे. पुढील टप्पे सुमारे २० ते ४५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरसाठी आणि सह्याद्रीच्या दोन्ही अंगांच्या तुकड्या-तुकड्यांच्या शेतीसाठी लिहिले आहेत. ते याच क्रमाने करावेत.

टप्पा १ : उतार आणि जमीन मोजून वहीत लिहिणे

डोळ्यांनी ठरवलेला उतार जवळजवळ नेहमीच चुकतो, आणि रोजच्या वहिवाटीच्या रानात तर तो हमखास कमी वाटतो. मोजण्यासाठी दहा फुटांची सरळ फळी किंवा बांबू, गवंड्याची पाणसळ आणि टेप एवढे पुरते. फळीचे एक टोक वरच्या बाजूला जमिनीवर टेकवावे, पाणसळीतला बुडबुडा मध्यावर येईपर्यंत खालचे टोक उचलावे आणि त्या टोकापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. दहा फुटांच्या फळीखाली दीड फूट अंतर भरले तर उतार १५ टक्के, दोन फूट भरले तर २० टक्के. २० टक्के म्हणजे सुमारे ११ अंश. हा आकडा लक्षात ठेवावा, हवेच्या टप्प्यात तो पुन्हा लागणार आहे.

मोजमाप तीन ठिकाणी घ्यावे: शेतातल्या सर्वांत तीव्र जागी, ट्रॅक्टर जिथे उताराला आडवा चालतो तिथे आणि गावापासून शेतापर्यंतच्या वाटेवरच्या सर्वांत वाईट चढावर. तिसरे मोजमाप बहुतेक जण घेत नाहीत, आणि भरलेली ट्रॉली घेऊन उतरताना खरा प्रसंग नेमका त्याच वाटेवर येतो.

त्यानंतर वर्षभराच्या कामाचे तास जमिनीच्या प्रकारानुसार मांडावेत. उदाहरणार्थ, चार एकरांच्या शेतीत दीड एकर भातखाचर, दोन एकर नाचणी-वरईची वरकस जमीन आणि बाकी आंबा-काजूची झाडे असतील, तर चिखलणीचे काम वर्षात फार तर आठ-दहा दिवस चालते. उरलेले सगळे तास मुरमाड उतारावर, जांभ्याच्या सड्यावर आणि रस्त्यावर जातात. तरीही टायर निवडताना डोळ्यांसमोर चिखल येतो, कारण ट्रॅक्टर रुतल्याची आठवण पक्की असते आणि झिजलेल्या टायरची कोणी ठेवत नाही.

*तपासणी:* वहीत उताराचे तीन आकडे, जमिनीचे प्रकार, प्रत्येकाचे अंदाजे तास आणि शेतात शिरण्याच्या सर्वांत अरुंद जागेची रुंदी लिहिलेली असावी. एवढे नसेल तर पुढे जाऊ नये.

टप्पा २ : ट्रॅक्टरवरचे आकडे वाचणे

टायरच्या बाजूवर १२.४-२८ असे लिहिलेले असेल, तर पहिला आकडा टायरची इंचांतली रुंदी आणि दुसरा रिमचा इंचांतला व्यास सांगतो. मधे आडवी रेघ असेल तर तो साध्या बांधणीचा टायर असतो आणि रेघेच्या जागी आर हे अक्षर असेल तर रेडियल. मिनी ट्रॅक्टरला मागे ८.३-२० किंवा ८.३-२४, तर ४० अश्वशक्तीच्या आसपासच्या ट्रॅक्टरला १२.४-२८ किंवा १३.६-२८ हे आकार नेहमी दिसतात. पुढच्या आणि मागच्या टायरचे आकडे जसेच्या तसे उतरवून घ्यावेत आणि ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतल्या आकड्यांशी जुळवून पाहावेत. जुना ट्रॅक्टर घेतला असेल तर हे जुळवणे अत्यावश्यक आहे, कारण आधीच्या मालकाने आकार बदललेला असू शकतो.

रिमवरही डब्ल्यू ११ × २८ अशी खूण असते. तिच्यातला पहिला आकडा रिमची रुंदी आहे. १२.४-२८ ला ११ इंचांची रिम योग्य बसते आणि १३.६-२८ ला १२ इंचांची. अरुंद रिमवर रुंद टायर ताणून बसवला तर त्याचा मधला भाग फुगतो, कडेचे लग, म्हणजे रबराच्या उंच पट्ट्या, जमिनीला पुरते टेकत नाहीत आणि आडव्या उतारावर ट्रॅक्टर डोलतो.

शेवटचे काम वजनाचे. जवळच्या वजनकाट्यावर ट्रॅक्टर न्यावा, आधी पूर्ण वजन घ्यावे आणि मग फक्त पुढची चाके काट्यावर ठेवून वजन घ्यावे. नेहमीचे अवजार मागे उचलून धरलेले असतानाही पुढच्या चाकांवर एकूण वजनाचा किमान पाचवा हिस्सा राहायला हवा. तो राहत नसेल तर चढावर स्टिअरिंग हलके पडते, आणि मागे कितीही भारी टायर घातला तरी हा दोष जात नाही, उलट वाढतो.

टप्पा ३ : आकार ठरवणे

माझे मत स्पष्ट आहे: उतारावरच्या लहान शेतीत पुस्तिकेत दिलेला आकार सोडू नये. मोठा टायर घातला की पकड वाढेल असे वाटते, पण उंच टायरने ट्रॅक्टरचा गुरुत्वमध्य वर सरकतो, त्याच गिअरमध्ये वेग वाढतो आणि उतरताना इंजिन जेवढे रोखून धरत होते त्यात घट होते. या तिन्ही गोष्टी डोंगरात आपल्या विरोधात जातात.

फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरमध्ये चौथी अडचण येते, आणि ती मी स्वतः भोगली आहे. आमच्या मिनी ट्रॅक्टरला मागे ८.३-२४ टायर होते. ते झिजल्यावर, थोडा रुंद बरा म्हणून, मी ९.५-२४ घातले आणि पुढचे तसेच ठेवले. मडगार्डला घासत नव्हते, म्हणून निश्चिंत राहिलो. पहिल्याच पावसाळ्यात फोर व्हीलचा दांडा अडकू लागला. कितीही ओढला तरी सुटत नसे आणि ट्रॅक्टर हातभर मागे घेतला की खटकन सुटत असे. पुढच्या टायरचे लग एका बाजूने तासल्यासारखे झिजत होते. कारण साधे होते. ९.५-२४ ची उंची ८.३-२४ पेक्षा सुमारे ५ टक्के जास्त आहे, तर पुढचे आणि मागचे धुरे आतून गिअरने एकमेकांना बांधलेले आहेत. पुढची चाके मागच्यांपेक्षा १ ते ५ टक्के जास्त वेगाने पळावीत अशी ती रचना असते. मी मागची चाके उंच केली आणि पुढची चाके ओढण्याऐवजी अडवू लागली.

त्यामुळे फोर व्हील ड्राइव्हचा कोणताही टायर बदलण्याआधी आणि बदलल्यानंतर पुढील चाचणी करावी. मोकळ्या, भुसभुशीत, सपाट जागी, अवजार न लावता, खडूने चाकांवर खुणा कराव्यात. फोर व्हील बंद ठेवून मागच्या चाकाचे दहा फेरे होईपर्यंत पुढच्या चाकाचे किती फेरे होतात ते मोजावे आणि अपुरा फेरा लगांच्या संख्येवरून धरावा. मग फोर व्हील चालू करून तेच पुन्हा मोजावे. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागावे. उत्तर १.०१ ते १.०५ च्या दरम्यान यावे. पहिल्यांदा १५ आणि दुसऱ्यांदा साडेपंधरा फेरे झाले, तर उत्तर १.०३ येते आणि जोडी योग्य ठरते. उत्तर १ पेक्षा कमी आले तर ती जोडी वापरू नये.

*सावधान:* डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्यावर फोर व्हील चालू ठेवू नये, कारण तिथे वेगातला हा फरक मातीत न जिरता टायर आणि गिअर यांच्यावर येतो. कच्च्या वाटेने भार घेऊन उतरताना मात्र ते चालू ठेवावे. त्यामुळे पुढची चाकेही ट्रॅक्टर रोखायला मदत करतात.

टप्पा ४ : नक्षी निवडणे

टायरवरच्या रबराच्या उंच तिरक्या पट्ट्यांना लग म्हणतात. त्यांच्या खोलीवरून आणि आकारावरून टायरच्या बाजूवर एक संकेत छापलेला असतो आणि दुकानात हाच संकेत मागावा. "खोल नक्षी" या शब्दांचा प्रत्येक दुकानदार वेगळा अर्थ लावतो.

आर-१ हा नेहमीच्या शेतीकामाचा टायर आहे. आर-१डब्ल्यूची खोली आर-१ पेक्षा सुमारे २० टक्के जास्त असते आणि ओल्या चिकट मातीसाठी तो बरा. आर-२ हा भात आणि उसाच्या चिखलाचा टायर असून त्याची खोली आर-१ च्या जवळजवळ दुप्पट असते. आर-३ हिरवळीसाठी असतो आणि आर-४ लोडरसारख्या कामांसाठी. या दोघांचा आपल्या कामाशी संबंध नाही.

बहुतेक चुका आर-२ पाशी होतात. चिखलणीत त्याच्याइतके चांगले काम दुसरा टायर करत नाही, हे खरे आहे. पण तोच टायर मुरमाड उतारावर किंवा जांभ्याच्या कातळावर आला की तो अंगावर न टेकता लगांच्या टोकांवर उभा राहतो. उंच लग भाराखाली वाकतात, ट्रॅक्टर आडव्या उतारावर खालच्या अंगाला सरकू लागतो, रस्त्यावर सगळा सांगाडा थरथरतो आणि लगांच्या कडा भराभर झिजतात. पहिल्या टप्प्यातली वही इथे उघडावी. चिखलाचे तास एकूण तासांच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी असतील तर आर-१ घ्यावा आणि चिखलणीपुरती केज व्हील, म्हणजे लोखंडी पिंजऱ्यासारखी चाके, टायरच्या बाहेरून जोडावीत. तांबडी चिकण माती जास्त असेल आणि पावसातही उतारावर काम करावे लागत असेल तर आर-१डब्ल्यू घ्यावा. शेती जवळजवळ सगळी खाचरांची असेल आणि रस्ता थोडा असेल तरच आर-२ चा विचार करावा.

दोन लगांमधले अंतरही पाहावे. तांबडी माती ओली झाली की लगांच्या मधे थापून बसते आणि टायर गुळगुळीत रुळासारखा होतो. तो फिरताना माती आपोआप निसटायला हवी, म्हणून लग मध्याकडे गच्च आणि कडेला उघडे असलेली नक्षी चांगली.

टू व्हील ड्राइव्हच्या पुढच्या टायरवर लग नसून गोल फिरणाऱ्या सलग कडा असतात. तीन कडांचा टायर एफ-२ या संकेताने मिळतो. मधली कड झिजलेली असेल तर आडव्या उतारावर स्टिअरिंग वळवूनही नाक खाली घसरते. पुढचे टायर "अजून चालतील" म्हणून ठेवून फक्त मागचे नवे घालणे ही डोंगरातली धोकादायक काटकसर आहे.

*सावधान:* केज व्हील लावून रस्त्याने जाऊ नये आणि आडव्या उतारावर चालवू नये. खाचराच्या बांधावरच ती लावावीत आणि तिथेच काढावीत.

टप्पा ५ : बांधणी आणि ताकद

टायरवर ८ पीआर, १२ पीआर असे लिहिलेले असते. ती आतल्या थरांची मोजलेली संख्या नसून ताकदीची श्रेणी आहे. त्याच्याजवळ छापलेला भाराचा आकडा किलोंचा नसून संकेत असतो. त्याचे किलो टायर कंपनीच्या तक्त्यात पाहून दुसऱ्या टप्प्यातल्या वजनाशी जुळवावेत. आडव्या उतारावर खालच्या चाकावर अधिक भार येतो, म्हणून एकूण भार दोनने भागून मिळालेल्या आकड्यावर समाधान मानू नये. भाराच्या आकड्यामागचे अक्षर वेगाचे असते. ए६ म्हणजे ताशी ३० किलोमीटर आणि ए८ म्हणजे ४०.

रेडियल टायर सपाट मोठ्या रानात चांगली पकड देतो, पण त्याची बाजू जास्त लवचीक असते. दगडधोंड्यांच्या आणि आडव्या उताराच्या लहान शेतीत मी साध्या बांधणीचा, जाड बाजूचा टायर पसंत करतो. रिमोल्ड केलेले, म्हणजे जुन्या टायरवर नवे रबर चढवलेले, टायर पुढच्या चाकांना अजिबात घालू नयेत आणि १५ टक्क्यांहून अधिक उतार असेल तर मागेही घालू नयेत.

टप्पा ६ : दुकानात

इथे फार वेळ लागू नये. टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा शोधावा. पहिले दोन अंक आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दोन्ही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे आणि शक्यतो जवळच्या तारखांचे घ्यावेत. कडेची तार बसणारा भाग हाताने चाचपून पाहावा आणि लगांच्या मुळाशी चिरा आहेत का ते उजेडात पाहावे. ट्यूब नवीच घ्यावी. जुनी ट्यूब ताणलेली असते, नव्या टायरमध्ये तिला घड्या पडतात आणि घडीवरच ती फाटते.

टप्पा ७ : बसवणे

१. ट्रॅक्टर सपाट कठीण जागी उभा करावा, उरलेल्या चाकांना पुढून-मागून दगड लावावेत आणि जॅकबरोबर लाकडी ठोकळा द्यावा. नुसत्या जॅकवर ट्रॅक्टर सोडू नये.

२. रिमवरचा गंज घासून काढावा. गंजाचे पापुद्रे ट्यूब कापतात.

३. दिशा तपासावी. टायरच्या बाजूवर बाण असतो आणि ट्रॅक्टर पुढे जाताना चाक त्याच दिशेने फिरले पाहिजे. ट्रॅक्टरच्या मागे उभे राहून पाहिले तर लगांची टोके घराच्या छपरासारखी वर जुळलेली दिसावीत. उलटी बसली तर माती बाहेर फेकली जाण्याऐवजी मधे कोंबली जाते.

४. टायर रिमवर बसवताना कडेला साबणाचे पाणी लावावे आणि हवा ३५ पौंडांच्या वर नेऊ नये. तेवढ्यात कड बसली नाही तर हवा पूर्ण सोडून, टायर सरळ करून पुन्हा सुरुवात करावी. जास्त हवा मारून कड बसवण्याच्या नादात तार तुटते किंवा रिम फुटते आणि समोर बसलेल्या माणसाचा जीव जातो. हवा भरताना चाकासमोर कोणी बसू नये.

५. दोन चाकांमधले अंतर ठरवावे. रिम आणि डिस्क यांची जोडणी बदलून हे अंतर कमी-जास्त करता येते आणि त्याचा तक्ता पुस्तिकेत असतो. आडव्या उतारावर उलटण्याचा धोका कमी करण्याचा हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि तरीही शोरूममधून आलेले अंतर वर्षानुवर्षे तसेच राहते. वहीतल्या अरुंद जागेतून ट्रॅक्टर जाईल आणि तक्त्याची मर्यादा ओलांडणार नाही, इतपत चाके रुंद करावीत. चाक आतबाहेर पालटले असेल तर डावे-उजवे चाकही अदलाबदल करावे लागते, नाहीतर लगांची दिशा उलटी होते.

६. नट समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे थोडे करून आवळावेत.

*तपासणी:* पहिल्या दोन-तीन तासांच्या कामानंतर सगळे नट पुन्हा आवळावेत. नव्या जोडणीत ते हमखास ढिले पडतात.

टप्पा ८ : वजन आणि हवा

मागच्या टायरमध्ये पाणी भरणे हा वजन वाढवण्याचा प्रचलित मार्ग आहे आणि त्यातले वजन खाली राहत असल्यामुळे उतारावर त्याचा फायदाही होतो. चाक जॅकवर घेऊन व्हॉल्व्ह सर्वांत वर आणावा, आतली पिन काढावी आणि व्हॉल्व्हमधून पाणी बाहेर येईपर्यंत भरावे. अशा रीतीने टायर सुमारे तीन चतुर्थांश भरतो. १२.४-२८ मध्ये दीडशे लिटरच्या आसपास पाणी मावते, म्हणजे दोन्ही चाकांचे मिळून ३०० किलो वजन वाढते. उरलेल्या जागेत हवा असलीच पाहिजे. काठोकाठ पाणी भरलेला टायर दगडावर दबत नाही, फुटतो.

परंतु हेच ३०० किलो चिखलणीत खाचराचा तळ दाबतात आणि उतरताना ब्रेकवर येतात. शेतीत खाचर असेल तर मी पाण्याऐवजी काढता येणारी लोखंडी वजने सुचवतो. वाटणी करताना टू व्हील ड्राइव्हमध्ये एकूण वजनाचा साधारण ३० टक्के आणि फोर व्हीलमध्ये ४० टक्के भाग पुढे असावा.

हवेबाबत एक गैरसमज खोल रुजला आहे. हवा कमी केली की पकड वाढते, हे सपाट मऊ रानात खरे आहे. आडव्या उतारावर मात्र कमी हवेचा खालचा टायर बसकण मारतो, ट्रॅक्टर आणखी कलतो आणि टायर रिमवर सरकून ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटला जातो. टायर कंपनीच्या तक्त्यात आपल्या भारासाठी जेवढी हवा दिली आहे तिच्यापासून सुरुवात करावी आणि आडवा उतार २० टक्क्यांहून जास्त असेल तर मागच्या टायरमध्ये सुमारे ४ पौंड हवा वाढवावी. टायरवर छापलेली कमाल मर्यादा मात्र ओलांडू नये. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजावी. पाणी भरले असेल तर व्हॉल्व्ह वर आणून मोजावी. दोन्ही बाजूंची हवा सारखीच असावी.

टप्पा ९ : शेतात परीक्षा

नव्या टायरवर पहिल्याच दिवशी सर्वांत तीव्र तुकड्यात जाऊ नये. मध्यम उतारावर, अवजार जमिनीत घालून, मागच्या चाकाचे दहा फेरे मोजावेत आणि सुरुवातीला व शेवटी खुंटी ठोकावी. मग अवजार उचलून तेच अंतर त्याच दिशेने पुन्हा चालावे आणि किती फेरे लागतात ते पाहावे. नऊ लागले तर चाक १० टक्के घसरत होते, साडेआठ लागले तर १५ टक्के. ८ ते १५ टक्क्यांच्या मधली घसरण योग्य. त्याहून जास्त असेल तर टायर वाईट आहे असे लगेच ठरवू नये. आधी हवा, मग वजन आणि मग अवजाराची खोली या क्रमाने तपासावे. घसरण ८ टक्क्यांहून कमी असेल तर वजन गरजेपेक्षा जास्त आहे आणि ते कमी करावे.

पहिल्या दहा तासांनंतर टायरवरून एकदा हात फिरवावा. लग मध्ये जास्त झिजले असतील तर हवा जास्त आहे, दोन्ही कडांना झिजले असतील तर कमी आहे, आणि पुढच्या टायरची एकच कड झिजत असेल तर चाकांचा पुढचा कोन मिस्त्रीकडून तपासून घ्यावा. टायरच्या बाजूवर जांभ्याने पडलेल्या चिरेत दोरा दिसू लागला असेल, तर तो टायर उतारावरून त्याच दिवशी काढावा. तो सपाटीवरच्या ट्रॉलीलासुद्धा लावू नये, कारण ती ट्रॉली भाताच्या पेंढ्या भरून याच वाटेने खाली येणार असते.